पाखरांची पीकपाहणी

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर

विषय: गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांतले येणारे-जाणारे



उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी एका गावात ग्रामपंचायतीचं लोखंडी कपाट आहे. त्यात घरपट्टीच्या पावतीपुस्तकांखाली गावाची लोकजैवविविधता नोंदवही ठेवलेली आहे. गेल्या हिवाळ्यात ग्रामसेवकांनी ती मला काढून दिली. पिकं, गवतं, झाडं, मासे, जनावरं अशी पानं उलटत पक्ष्यांवर आलो. रोहित पक्ष्यापुढे ऋतूच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘हिवाळा’. खालच्या ओळीत चिमणी, ‘वर्षभर’. आणि पान संपता संपता महाधनेश! सह्याद्रीच्या दाट रानात वड-उंबराची फळं खाणारा हा पक्षी उसाच्या आणि चिलापीच्या या मुलखात कुणी पाहिला, कधी पाहिला, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. वही भरायचं काम बाहेरच्या माणसांना दिलेलं, मुदत अंगावर आलेली. घाटमाथ्यावरच्या कुठल्याशा गावाचं पान जसंच्या तसं इकडे उतरलं असणार. महाधनेशाच्या अख्ख्या कुळात स्थलांतर केलेला हा पहिलाच, तोही झेरॉक्सच्या यंत्रातून.

पण त्याची तक्रार करायला मी बसलेलो नाही. चुकीचा धनेश एका रेघेत खोडता येतो. मला छळतो तो रोहितापुढचा ‘हिवाळा’ हा शब्द, कारण तो बरोबर असूनही काहीच सांगत नाही.

त्या कपाटापासून हाकेच्या अंतरावर एक मासेमार राहतो. पहाटे जाळी काढतो, आणि हंगामात त्याच होडीतून पुण्या-मुंबईच्या लोकांना पाखरं दाखवतो. पुस्तकातलं ‘रोहित’ हे नाव त्याला माहीत आहे. पण होडीवर सगळे ‘फ्लेमिंगो’च म्हणतात आणि ‘रोहू’शी घोटाळाही होत नाही. लोक त्याला डिसेंबरपासून फोन करतात, “आले का?” म्हणून त्यानं घरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या लिटरांच्या हिशेबाशेजारी, पहिला थवा दिसला त्या दिवशी ‘फ्ले.’ असं लिहायला सुरुवात केली. जुनी कॅलेंडरं टाकायची नाहीत हा घरातल्या आजींचा नियम, त्यामुळे ती सगळी माळ्यावर आहेत. मी त्याला विचारलं, दर वर्षी तारीख वेगळी का? तो म्हणाला, “थंडी पडली म्हणून न्हाई येत ते. पाणी उतरलं म्हणून येत्यात.”

अध्यक्षमहोदय, या एका वाक्यात सगळं आलं. रोहित उलटी चोच चिखलात घालून पाणी गाळतो, त्यातून बारीक जीव आणि शेवाळ टिपतो. त्याला गुडघ्याएवढं पाणी लागतं. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी सुटून उजनी तुडुंब भरली की त्याला उभं राहायला जागा नाही. रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटतं, पातळी खाली येते, गाळ उघडा पडतो, तेव्हा ताट वाढलं जातं. म्हणजे त्याचं येणं थंडीपेक्षा कालव्याच्या आवर्तनाला बांधलेलं. आपल्या वहीनं ऋतू लिहिला, होडीवाल्यानं कारण सांगितलं. तारखा त्याच्या माळ्यावर आणि वही कपाटात, मधे दोनशे पावलं.

जगभरातले लोक स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांची गणती आणि नकाशे करायला झटताहेत, ते नेमक्या या दोनशे पावलांत अडतात. जर्मनीत बॉन शहरात क्लाउस रीडे नावाचे संशोधक आहेत. मूळचा त्यांचा विषय नाकतोडे आणि त्यांचा आवाज. पण त्यांनी तिथल्या कोनिग संग्रहालयात बसून पाठीचा कणा असलेल्या जगातल्या सगळ्या स्थलांतरित प्राण्यांची एक जागतिक नोंदवही रचली. 2001 साली ती पुस्तक आणि सीडीच्या रूपात आली. नाव, धोक्याची पातळी, आणि अनेक प्रजातींचे संगणकी नकाशे: कुठे वीण, कुठे हिवाळा, कुठून वाट. त्याच बॉनमध्ये 1979 साली स्थलांतरित वन्य प्राण्यांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तो 1983 पासून अमलात आहे आणि भारत त्या वर्षापासूनच त्यात आहे. 2024 च्या सुरुवातीला या कराराच्या यादीत 1,189 प्रजाती होत्या. त्यांपैकी 962 पक्षी, 94 जमिनीवरचे सस्तन प्राणी, 64 पाण्यातले, 58 मासे, 10 सरपटणारे आणि कीटक फक्त एक, ते अमेरिकेतलं मोनार्क फुलपाखरू. 2024 साली समरकंदच्या परिषदेत मांडलेल्या अहवालानुसार यांपैकी 44 टक्के प्रजातींची संख्या घटते आहे, आणि पाचांतल्या एकीहून अधिक नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत.

कीटक एक! आपल्याकडे पाऊस सरता सरता सगळ्या माळावर, शाळेच्या मैदानावर, पिवळसर चतुरांचे थवे तरंगत असतात ना, पोरं शेपटीला दोरा बांधायला धावतात ते? मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला एक कोडं पडलं होतं. ज्या बेटांवर गोड्या पाण्याचं तळं जवळजवळ नाही, तिथे दर ऑक्टोबरात लाखो चतुर येतात कुठून? 2009 साली त्यांनी मांडलं, की ते भारतातून येतात, पावसाच्या वाऱ्यावर स्वार होऊन पुढे पूर्व आफ्रिकेला जातात, आणि त्यांची पुढची पिढी पुन्हा इकडे परतते. एक फेरी पुरी व्हायला चार पिढ्या लागतात. म्हणजे पणजोबा निघतात आणि पणतू घरी पोचतो. त्यांच्या मागोमाग, त्यांनाच खात, अमूर ससाणा अरबी समुद्र ओलांडतो. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी सैबेरिया-चीनकडून नागालँडमार्गे दक्षिण आफ्रिकेला जातो. 2012 साली नागालँडच्या डोयांग जलाशयाकाठी हे ससाणे जाळ्यांत पकडून हजारोंनी मारले जात होते. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी जाळी गुंडाळली. तीन पाखरांवर उपग्रहयंत्रं बसवली गेली, आणि त्यांना त्या भागातलीच नावं मिळाली: नागा, वोखा, पांगती. शिकाऱ्यांच्याच गावाच्या नावाचं पाखरू सोमालियावर उडताना नकाशात दिसू लागलं, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं काम वाटतं. आणि या चतुराचं नाव? ना रीडे यांच्या वहीत (त्याला पाठीचा कणा नाही), ना कराराच्या यादीत. आपल्या उजनीकाठच्या वहीत ‘कीटक’ या पानावर आहे: ‘चतुर, उपयोग: नाही.’

आपल्या वहीला हसायचा हेतू नाही. उलट ती ज्या कल्पनेवर उभी आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती आणि नोंदवही आणली. गावाला काय ठाऊक आहे ते गावानंच लिहावं, हा माधव गाडगीळांसारख्यांनी धरलेला आग्रह त्यामागे होता. राज्यात जवळपास 28 हजार ग्रामपंचायती. इतक्या दाट जाळ्याचं स्वप्नही बॉनमधल्या कुणाला पडलं नसेल. अडचण एवढीच, की वही रेशनकार्डासारखी आहे. कुटुंबात कोण कोण, एकदा लिहिलं, शिक्का मारला. आणि रेशनकार्डाचं काय होतं, ते बीडच्या ऊसतोड कामगाराला विचारावं. कार्ड गावात, माणूस सहा महिने कारखान्याच्या फडात. जे हलतं, त्याची यादी होत नसते. त्याचा हजेरीपट ठेवावा लागतो.

हजेरीपट नसला की काय होतं, ते गुहागरला कळलं. ऑलिव्ह रिडले कासवं पूर्व किनाऱ्यावर, ओडिशाच्या गहिरमाथ्यात, हजारोंनी एकदम अंडी घालायला येतात. कोकणात वेळास, आंजर्ले, गुहागर इथं एकेकटी येतात. कासवमित्र रात्री किनारा पालथा घालतात, अंडी उचलून उबवणी केंद्रात ठेवतात. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, असंच बहुतेक जण धरून चालले होते. 27 जानेवारी 2025 ला गुहागरच्या वाळूत वर आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची छोटी पट्टी होती. आकडा 03233. ती पट्टी 18 मार्च 2021 ला गहिरमाथ्यात लावलेली निघाली. ती बाई बहुधा श्रीलंकेला वळसा घालून साडेतीन हजार किलोमीटर पोहत इकडे आली होती. त्याआधी 2023 मध्ये गुहागरहून उपग्रहयंत्र लावून सोडलेली बागेश्री उलट दिशेनं श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली होतीच. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी वाहती आहे.

मला त्या रात्रीतलं सगळ्यात मोठं वाटतं ते असं, की कुणीतरी आकडा वाचला. कासव अंडी घालताना घाई करायची नसते, उजेड फार पाडायचा नसतो, आणि तरीही बारीक अक्षरातले पाच आकडे नीट टिपले गेले. पाचातला एक चुकला असता तर चार वर्षांपूर्वी ओडिशाच्या किनाऱ्यावर कुणीतरी घेतलेली मेहनत वाळूत गेली असती. जगाचा नकाशा अशा बॅटरीच्या उजेडातच काढला जातो. उपग्रह नंतर येतो.

पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं काम आपल्याकडे जुनं आहे. 1927 साली धार संस्थानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं ते सुरू केलं. कडीवर सोसायटीला कळवा, एवढंच कोरलेलं असायचं. ज्याच्या हाती पाखरू लागेल त्यानं पत्र टाकावं ही अपेक्षा. या कामाला खरा जोर आला तो मात्र पाखरांच्या प्रेमापोटी नव्हे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली, माणसांना ताप आला. विषाणू रशियातल्या एका मेंदूज्वराच्या नात्यातला निघाला. मग संशय असा, की सैबेरियातून येणाऱ्या पाखरांच्या अंगावरच्या गोचिडांनी तो आणला का? जागतिक आरोग्य संघटनेनं पैसा दिला, आणि 1959 पासून सालिम अलींच्या देखरेखीखाली हजारो पाखरं पकडून, गोचिडं तपासून, कडी घालून सोडली गेली. पाखरांवरचा आरोप काही शाबीत झाला नाही. पण त्या भीतीतून भारताच्या पाखरवाटांची पहिली मोठी माहिती गोळा झाली. तोच माकडताप 2016 पासून दोडामार्गात ठाण मांडून आहे, त्यामुळे सिंधुदुर्गातल्या लोकांना मी काय म्हणतो ते लवकर कळेल.

ज्याची भीती, त्याचा नकाशा. टोळधाडीचं बघा. वाळवंटी टोळ आज कुठे अंडी घालताहेत, कुठल्या वाऱ्यानं कुठे निघालेत, याचा हिशेब संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना सतत ठेवते. मे 2020 मध्ये ते अमरावती-नागपूरच्या संत्र्याच्या बागांवर उतरले, तेव्हा प्रशासनाला ते कुठून येताहेत हे आधीपासून दिसत होतं. शेतकऱ्याला खाणाऱ्या कीटकाला नकाशा मिळाला, शेतातले डास-चिलटं खाणाऱ्या चतुराला नाही. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेनं 39 रोहित मेले, तेव्हा दोन दिवस सगळ्यांना रोहितांच्या रात्रीच्या वाटा जाणून घ्यायच्या होत्या. दोन वर्षं आधी सोसायटीनं मुंबईच्या सहा रोहितांना यंत्रं लावून ठेवली होती, त्यांतले काही गुजरातला गेल्याचंही दिसलं होतं. सहा. खाडीत हिवाळ्यात उभे असतात लाखाच्या घरात.

आता आपल्याला कुणी सांगितलं नसेल, असं एक सांगतो. मी त्या गावात म्हटलं, “तुमच्या तारखा वहीत लिहू या.” तर बसलेल्यांपैकी दोघे तिघे एकदम म्हणाले, “नको. लिहिलं की जमिनी जातात.” हसण्यावारी नेऊ नका. उजनीच्या पलीकडे करमाळा, माढा, मोहोळ, खाली उत्तर सोलापूर, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासे. 1979 साली माळढोकाचं अभयारण्य म्हणून नकाशावर जे वर्तुळ काढलं, त्याचं क्षेत्र भरलं सुमारे 8,500 चौरस किलोमीटर. गावंच काय, शहरं आत आली. जमीन विकायची तर अडचण, विहीर, रस्ता, कारखाना, प्रत्येक ठिकाणी माळढोक आडवा. कितीतरी वर्षांनी ते क्षेत्र सुमारे 1,200 वर आणलं गेलं. मधल्या काळात एका पिढीनं त्या पक्ष्याला शिव्या दिल्या, जो बिचारा त्यांच्या बांधावर वर्षातले काही महिने टोळ आणि नाकतोडे खाऊन निघून जाई. आज तिथं माळढोक दिसणं दुर्मीळ झालं आहे. 2020 साली गांधीनगरच्या परिषदेत तोच माळढोक कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला; कारण तो राजस्थानच्या सीमेवरून पाकिस्तानात ये-जा करतो. कराराची व्याख्याच अशी, की देशाची सीमा ओलांडली तर तो प्राणी स्थलांतरित. हिमालयाच्या पायथ्याहून कोकणात येऊन हिवाळा काढणारं पाखरू कायद्याच्या नजरेत घरातल्या घरातच फिरतं.

वर्तुळ काढणं सोपं असतं. त्यात पक्षी कधी होता आणि कधी नव्हता, हे लिहायला जागाच नसते. तारखांचा नकाशा असता, म्हणजे माळढोक कुठल्या गावच्या माळावर कुठल्या महिन्यात उतरतो हे गावानंच लिहिलेलं असतं, तर इतक्या माणसांच्या सातबाऱ्यावर इतकी वर्षं सावली पडली नसती, असं मला वाटतं. पटवून देता येणार नाही, पण वाटतं.

म्हणून माझी विनंती सातबाऱ्याच्याच भाषेत करतो. तलाठी दर हंगामाला पीकपाहणी करायचा. 2021 पासून तर शेतकरी स्वतः फोनवर ई-पीकपाहणी भरतो. शेत तेच असतं, तरी दर हंगामात काय उभं आहे ते पुन्हा लिहिलं जातं. आपल्या वहीत पाहुण्यांसाठी असं एक सुटं पान घाला, जे दर वर्षी नवं असेल. पहिल्यांदा कधी दिसला, शेवटचा कधी दिसला, एका वेळी अंदाजे किती, आणि त्या वेळी पाणी-पीक-पाऊस कसा होता. एवढंच. शास्त्रीय नाव नंतर कुणीतरी लिहील. बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी 2007 मध्ये ‘मायग्रंट वॉच’ नावाचा उपक्रम सुरू केला होता. पहिला चातक कधी दिसला, पहिला धोबी कधी, हेच लोकांना विचारत होते, आणि लोकांनी कळवलंही. पण तो इंग्रजीत आणि इंटरनेटवर होता. आमच्या होडीवाल्यापर्यंत पोचला नाही, माळ्यावरची कॅलेंडरं तिथंच राहिली.

ते पान समितीच्या सचिवाच्या हाती देऊ नका. होडीवाल्याच्या, कासवमित्राच्या, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघणाऱ्या धनगराच्या हाती द्या. धनगर तर स्वतःच पाऊसवाऱ्यामागे चालतो, त्याच्या वाटेवर कुठल्या टेकाडावर कुठलं पाखरू कधी उतरतं हे तो न विचारता सांगतो. आणि त्यांना मानधन द्या, लाजू नका. वही भरणाऱ्या बाहेरच्या माणसांना पैसे मिळालेच होते. त्या पानाच्या डोक्यावर आपल्या सहीनिशी छापा, की या नोंदीवरून कुणाच्या जमिनीवर बंधन येणार नाही. ते शक्य नसेल तर तसंही स्पष्ट लिहा. पण घरट्यांच्या जागा मात्र बाहेर जाऊ देऊ नका. नकाशा शिकाऱ्यालाही वाचता येतो. बाकी तारखा खुल्या ठेवा. सोसायटीला लागतील, डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेला लागतील, बॉनला लागतील. ज्यांच्याकडे रेघा आहेत त्यांना टिंबं हवीच असतात.

माझ्या म्हणण्यात एक खोट आहे, ती मीच सांगतो. होडीवाल्याचा धंदा पाखरांवर आहे, म्हणून तो तारखा लिहितो. चतुराला कुणी गिऱ्हाईक नाही. त्याची तारीख कोण लिहील, मला सुचत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या पोरांना सांगून पाहता येईल, दोरा बांधायच्या आधी तारीख लिहा म्हणून.

पत्रासोबत एक कागद जोडला आहे. होडीवाल्याच्या परवानगीनं त्याच्या सगळ्या कॅलेंडरांवरून ‘फ्ले.’च्या तारखा उतरवून घेतल्या आहेत. एका वर्षाचं पान फाटलेलं आहे. त्यावर म्हशीच्या औषधाची चिठ्ठी लिहून ती डॉक्टरकडे पाठवली होती, असं आजी म्हणाल्या. ते वर्ष कोरं ठेवलं आहे.

आपला,
उजनीकाठी हिवाळ्यात येणारा एक जण

सोबत: वरीलप्रमाणे, पान 1